वरच्या गावाचे मासे

हिवाळ्यात ओमानातल्या आमच्या बरक्याला एखादी दुपार अशी येते, की समुद्राकडून येणारा वारा पडतो आणि डोंगराकडून वाहू लागतो. त्याला ओल्या धुळीचा वास असतो. गल्लीतल्या गच्च्यांवर वाळत घातलेले पांढरे दिशदाशे, म्हणजे इथले पायघोळ अंगरखे, उलट्या दिशेला फुगतात. आई दोरीवरचे कपडे काढता काढता दूरच्या निळ्या रांगेकडे बघते. बरक्यात एक थेंबसुद्धा पडलेला नसतो. पण कळतं, वर पाऊस झालाय, आणि वादी निघाली असेल.

वादी म्हणजे इथली नदी. नदी म्हणताना मला थोडं चुकल्यासारखं वाटतं, कारण वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात फक्त गोटे असतात, बाभळीसारखी समरची झाडं असतात आणि त्या झाडांवर पुढचे पाय टेकून उभ्या राहिलेल्या शेळ्या असतात. मग एक दिवस डोंगरात गडगडतं आणि तीच वादी गाड्या उचलून नेते. सगळ्यांच्या फोनवर व्हॉट्सॲपचे व्हिडिओ फिरू लागतात. तपकिरी पाणी, त्यात झावळ्या, गॅसचं सिलिंडर, कुणाची तरी एक चप्पल. कॉलेजातल्या मुली वर्गात ते व्हिडिओ एकमेकींना दाखवतात. मी शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षा तोंडावर आहे, समोर पुस्तक उघडं आहे. पण हा वारा सुटला की माझं लक्ष दुसऱ्या वर्षाच्या त्या हिवाळ्याकडे जातं. मराठीत एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही. शाळा इंग्रजीतली, घरात मालवणी. शब्द कमी पडतील, पण ते दिवस मला इंग्रजीत आठवतच नाहीत.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक गोष्ट घशात अडकल्यासारखी होती. वरच्या गावाने बाबांना बोलावणं बंद केलं होतं.

बाबांचं बरक्यात पंपदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. खजुराच्या, लिंबाच्या बागांचे पंप त्यांच्याकडे येतात, किंवा ते पंपाकडे जातात. सातवीनंतर शाळा सुटली, मालवणहून मुंबई, मुंबईहून मस्कत. तिथे रुवी भागात एका खोलीत पुष्कळ जणांबरोबर राहून त्यांनी काम शिकून घेतलं आणि मग इकडे आले. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, त्याला आम्ही घरी नुसतं 'वरचं गाव' म्हणतो. तिथला पंप बाबा माझ्या जन्माआधीपासून बघत होते. गावात फलज आहे, म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी उतारावरून गावापर्यंत आणणारा दगडी पाट. दुष्काळात पाट बारीक झाला की पंपाने विहिरीतलं पाणी त्याच्यात सोडतात. तो पाट मला लहानपणापासून आवडायचा. आजोळी माडांना पाणी देणारे पाट असतात, तसाच, फक्त हा वाळवंटातून येतो. त्याचं वळण ठरलेलं. गावाच्या तोंडाशी पाणी उघड्यावर येतं ती जागा पिण्याची. तिथे कुणी हातसुद्धा बुडवत नाही, भांडं बुडवतात. त्याच्या खाली मशिदीची जागा, त्याच्या खाली अंघोळीची, धुण्याची, आणि शेवटी खजुरांची. वरच्याने खालच्याचं पाणी खराब करायचं नाही, एवढा एकच नियम, आणि तो सगळ्यांना पाठ.

पाटाची देखरेख नासिरचाचांकडे. उंच, वाकलेले, पांढऱ्या दाढीचे. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या बंदरात काही वर्षं काढली होती, त्यामुळे आमच्याशी हिंदीत बोलायचे. मला बघितलं की म्हणायचे, "मोहन, ये तेरा बेटी है कि ऊँट? हर साल लंबा होता है!" आणि मुठीत खजूर ठेवायचे.

त्या आधीच्या उन्हाळ्यात बाबांनी तिथला पंप खोलला. बरक्यात सगळेच मेकॅनिक सुटे भाग डिझेलमध्ये धुतात आणि काळं झालेलं डिझेल दुकानामागच्या वाळूत ओततात. वाळू ते पिऊन टाकते, कुणाला काही होत नाही. बाबांनी तेच केलं. उलट, गावाच्या अंगणात घाण नको म्हणून ते काळ्या डिझेलचं तसराळं घेऊन घरांपासून लांब गेले, पंपाच्या मागे, मोकळ्या गोट्यांत. पण त्या गावात घरांपासून लांब म्हणजे पाण्याच्या वर. तिथली जमीन म्हणजे चाळण. दुसऱ्या दिवशी पिण्याच्या जागी पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग तरंगत होते, आणि पाटातले बोटभर लांबीचे मासे पोट वर करून वाहत खजुरांपर्यंत गेले.

कुणी आरडाओरडा केला नाही. बाबांना तेच सहन झालं नाही. ते धावत वर गेले तेव्हा नासिरचाचा पाटाच्या कडेला बसले होते, ओंजळीत मेलेले मासे गोळा करत. म्हणाले, "खलास, मोहन. तुम जाओ."

त्यानंतर गावाने टँकर लावला. ज्या खात्याकडे धरणांचं काम होतं त्याच खात्याने नंतर पाणी तपासलं, एकदा, मग पुन्हा. शरद ऋतू येईतो रिपोर्ट स्वच्छ आला. तरी गाव पाटाचं पाणी पीत नव्हतं. पाण्यात मासे नाहीत, मग ते मुलांना कसं द्यायचं, असं नासिरचाचांनी अधिकाऱ्यांना विचारलं म्हणे. मासे पाटातलं शेवाळ खातात, डासांच्या अळ्या खातात, आणि मुख्य म्हणजे ते जगतात. त्या गावाला पाण्याबद्दल त्याहून जास्त पुरावा लागत नव्हता. बाबा दुकानात बसायचे, बागांवर जायचे, पण वरच्या गावाच्या रस्त्याला गाडी वळवत नव्हते. एकदा आई म्हणाली, "जावन माफी तरी मागा." बाबा म्हणाले, "माफी मागून मासे येतत?"

मग डिसेंबरात वादी आली.

मी तेव्हा कॉलेजच्या प्रकल्पासाठी डोंगर आणि बरका यांच्यामधल्या धरणावर जात होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रयोगशाळेत काचेचं साधं भांडंसुद्धा मी दोन्ही हातांनी धरायचे, कुणी बघत तर नाही ना, असं वाटायचं. धरणावरचे इंजिनियर गायकवाड सर नागपूरकडचे. त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असावं. म्हणाले, "घाबरू नकोस. माझ्या घरात इंजिनियर या शब्दाचा अर्थ मीच पहिल्यांदा समजावून सांगितला होता. फुटलं तर फुटलं, काचच आहे." आणि मला पहिलं काम दिलं ते भांडी भरायचं.

ते धरण आपल्याकडच्यासारखं पाणी साठवून ठेवायला नाही. पूर अडवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरचं निवळलेलं पाणी हळूहळू खालच्या गोट्यांत सोडायचं, म्हणजे ते जमिनीत मुरतं आणि किनाऱ्याकडच्या विहिरींमध्ये शिरणाऱ्या समुद्राला मागे ढकलतं. गढूळ पाणी सोडलं तर गाळ जमिनीची छिद्रं बुजवतो आणि मग काहीच मुरत नाही. मी रोज काचेच्या भांड्यात पाणी भरून खिडकीत ठेवायचे. सकाळी चहासारखं, दुपारी ताकाच्या निवळीसारखं. तळाशी लोण्याइतका मऊ गाळ. निवळायला वेळ द्यावा लागतो, आणि फार वेळ दिला तर सगळं वाफ होऊन जातं. गायकवाड सरांची सगळी नोकरी या दोन्हींच्या मध्ये होती. किनाऱ्यावरचे शेतकरी फोन करायचे, "मुहंदिस, पाणी कधी?" आणि सर, त्यांचे मुहंदिस म्हणजे इंजिनियर, भांड्यांकडे बघत म्हणायचे, "बुकरा, इन्शाल्ला," उद्या, देवाने मनात आणलं तर.

त्या तळ्याची मला अजून स्वप्नं पडतात. वाळवंटात एवढं पाणी! शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सीबहून, मस्कतहून कुटुंबं यायची, काठावर चटया अंथरायची, मटणाच्या धुराचा वास पाण्यावर पसरायचा. बायका पोरांना ओरडून मागे बोलवायच्या. समरच्या झाडांचे शेंडे पाण्याबाहेर डोकावत आणि त्यांच्यावर पांढरे बगळे बसत. कुठून कळतं त्यांना? आदल्या आठवड्यात इथे धूळ होती.

बगळ्यांमुळेच मला मासे दिसले. सरांनी दरवाजे उघडले होते, पाणी उतरत होतं, काठाचा गाळ वाळून पापडासारखा वळत होता. मागे राहिलेल्या एका मोठ्या डबक्याभोवती बगळे दाटीवाटीने उभे होते. मी जवळ गेले तर डबकं थरथरत होतं. बोटभर लांबीचे मासे, शेकड्यांनी. वरच्या गावाच्या शेजारच्या दुसऱ्या वादीच्या डोहांतून पुराबरोबर आलेले. पाणी आटलं की संपले.

रात्री जेवताना मी सहज सांगितलं. बाबांचा घास हातात राहिला.

"तुझ्या धरणात मासे आसत?"

"आसत. बारीक बारीक."

"तसलेच?"

"तसलेच, बाबा."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "ते वर व्हरूक येतले काय?" मासे वरच्या गावाला न्यायचं त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी ते दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर धरणावर आले. इस्त्रीचा शर्ट घालून. गायकवाड सरांपुढे ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि मीच बोलायला लागले, पण त्यांनी मला हाताने थांबवलं आणि आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. तसराळं, गोटे, मासे. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा, मोहनराव, दरवाजे मी बंद करू शकत नाही. खाली विहिरी वाट बघतायत. मासे न्यायला माझी ना नाही. पाणी स्वच्छ आहे, तपासलंय, मासे एकाच डोंगराचे आहेत. पण डबकं आटेपर्यंतच वेळ. आणि त्या गावाने हो म्हटलं पाहिजे."

गावाला विचारायला सर स्वतः गेले. नासिरचाचांचा निरोप आला तो असा, की थोडे आणा. टोपलीत घालून पाटात ठेवू. जगले तर पुढचं बघू.

बाबांनी नवीन निळे पिंप आणले. साबणाने धुतले, उन्हात वाळवले, पुन्हा धुतले. त्या माणसाला मी इतकं पिंप घासताना कधी बघितलं नव्हतं. आणि मग त्यांनी घरच्या नळाचं पाणी भरलं, आम्ही पितो ते, काचेसारखं. डबक्यातलं गढूळ पाणी त्यांना चालणार नव्हतं. पुन्हा घाण पाणी घेऊन त्या गावात जायचं? मी विज्ञान शिकत होते, तरी मलासुद्धा ते बरोबरच वाटलं. आम्ही जाळीने मासे पकडले, पिंपात सोडले, पिकअप सुरू केली. डोंगराचा रस्ता लागायच्या आत ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, आणि चढणीला एकही हलत नव्हता. बाबांनी गाडी कडेला घेतली. उतरून टायरला टेकून बसले. पांढऱ्या स्वच्छ पाण्यावर तीच पोटं, तशीच.

घरी आल्यावर आईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "नळाच्या पाण्यात औषध आसता मां! घराकडे खाडीतलो मासो बावीत सोडलास तर जगता काय? माशाक तेचाच पाणी व्हया. इतकी वर्सा मालवणात रवलास, खाल्लास तेवढेच काय?"

बाबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. अगदी थोडं. "खाताना पाणी कोण विचारता?" म्हणाले.

दुसऱ्या खेपेला पिंपांत डबक्याचंच पाणी भरलं, तपकिरी, गाळ हलत असलेलं. पिंपांभोवती ओली गोणपाटं. मी मागे बसले आणि सायकलच्या पंपाला लांब नळी लावून पाण्यात हवा मारत राहिले. दोन्ही हात भरून आले. गाडी गोट्यांवरून उसळली की गाळाचं पाणी माझ्या अंगावर यायचं. डोंगर जवळ येत होते, तांबूस, घडीघडीचे, आणि पावसानंतर त्यांच्या पायाशी हिरव्याची एक पुसट रेघ उमटली होती. त्या रेघेचं मला फार कौतुक वाटलं. एक पाऊस, आणि दगडाने एवढं तरी दिलं.

गावाच्या तोंडाशी नासिरचाचा उभे होते. त्यांनी बाबांकडे बघितलं नाही. मला म्हणाले, "ऊँट कीचड़ में गिरा?" मग पिंपात वाकून बघितलं, आणि पाटाचं पाणी थोडं थोडं करून पिंपात घालायला सांगितलं, म्हणजे माशांना नव्या पाण्याची सवय होईल. आम्ही तिघं पाळीपाळीने घालत राहिलो. नंतर खजुराच्या झावळीची एक टोपली, वर झाकण, आत मासे, आणि ती टोपली पिण्याच्या जागेच्या जरा खाली, सावलीत, दोरीने बांधून पाण्यात सोडली. चाचा म्हणाले, "जुम्मे को आओ."

शुक्रवार येईपर्यंतचे दिवस घरात कसे गेले ते मी सांगू शकत नाही, कारण काही घडलंच नाही. बाबा जेवायचे, झोपायचे, दुकान उघडायचे. माझी परीक्षा चालू होती. मी पेपर लिहीत असताना मला मधेच ती टोपली दिसायची. घरच्या माणसाचं काहीतरी पाण्यात बांधून ठेवलेलं आहे आणि आपण इथे व्याख्या लिहितोय.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही गेलो. पाटाच्या कडेला टोपली उलटी, कोरडी पडली होती. दोरी गुंडाळून ठेवलेली. पाणी नितळ, तळाचे खडे दिसत होते, आणि एकही मासा नव्हता. मी बाबांकडे बघायचं टाळलं. ते पाटाजवळ गेले, वाकले, वर खाली बघितलं. तळव्याने पाण्यावर सावली करून बघितलं. मग सरळ उभे राहिले आणि दोन्ही हात मागे बांधले, मोठ्या माणसांपुढे उभे राहतात तसे.

नासिरचाचा मशिदीकडून येत होते. बाबा म्हणाले, "चाचा, माफ करना. सब मर गया."

"कौन बोला?"

"एक भी दिखता नहीं."

चाचांना खोकल्यासारखं हसू आलं. "मोहन, सुबह मैंने खोला टोकरी. मरा हुआ मछली ऊपर आता है, सबको दिखता है. जिंदा वाला छुपता है. तुम मुंबई का आदमी, इतना नहीं समझता?"

"मुंबई का नहीं चाचा, मालवण का," बाबा म्हणाले. चाचांनी खिशातला एक खजूर फोडून पाण्यात टाकला. थोडा वेळ काही नाही. मग दगडाखालून एक सावली निघाली, मग दुसरी, आणि खजुराभोवती पाणी बारीक बारीक थरथरायला लागलं. बाबा खाली बसले. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता. मला वाटतं मी त्यांना एवढ्या जवळून, एवढा वेळ, त्याआधी कधी बघितलंच नव्हतं.

डबकं आटायच्या आत आम्ही जमतील तेवढे मासे वर नेले. बाकीचे बगळ्यांनी खाल्ले. गायकवाड सरांनी अहवालात एक ओळ लिहिली आणि किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांचे फोन घ्यायला गेले. वरच्या गावाने उन्हाळ्यात पाटाचं पाणी प्यायला सुरुवात केली, हे आम्हाला कुणाकडून तरी कळलं.

इथे सगळं पहिल्यासारखं झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पंपाचं काम गावाने पुन्हा बाबांना दिलं नाही. आता तिथे विजेचा पंप आहे, त्याला सुवेकहून दुसरा माणूस येतो. बाबांना सुरुवातीला लागलं. पाण्याबाबत गाव जपून वागतं, याचा राग धरता येत नाही, हे ते मला नाही, स्वतःलाच सांगायचे. दुकानामागच्या वाळूत मात्र ते आता काही ओतत नाहीत. काळं डिझेल डब्यात भरून ठेवतात, ते घेऊन जाणारी गाडी येते. शेजारचे मेकॅनिक चिडवतात, "मोहनभाई, दूध जमा करता है क्या?"

पण वादी आली की वरच्या गावाहून फोन येतो. पुरात पाटातले काही मासे खाली वाहून जातात, धरणात अडकतात. कधी त्यांना परत न्यायचं असतं, कधी शेजारच्या वादीचे तिच्या डोहांत सोडायचे असतात. हे काम कुणी कुणाला नेमून दिलेलं नाही. गायकवाड सर बदली होऊन सलालाहला गेले, नवीन इंजिनियरला त्यांनी सांगून ठेवलं होतं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्या डबक्यांवरच आहे. कुठे मासे अडकतात, किती दिवस पाणी टिकतं, दरवाजे थोडे वेगळे उघडले तर काय होईल. मार्गदर्शकांना विषय लहान वाटला. मी नुसतीच मान हलवली, पण विषय बदलला नाही.

आठवड्यापूर्वी एका दुपारी तो वारा सुटला होता, आणि आज संध्याकाळी फोन वाजला. स्पीकरवर नासिरचाचांचा आवाज, आता बराच थकलेला.

"मोहन. वादी उतर गया."

"हाँ चाचा. पंप ठीक है?"

"पंप का तुमको क्या काम? मछली का टाइम है. यल्ला, चलो."

बाबा फोन ठेवून उठले. दिवसभर एक मोटर खोलून बसले होते, कोपरापर्यंत डिझेलने काळे झाले होते. मोरीत गेले आणि साबण लावू लागले. पिंप, जाळी, गोणपाटं मी गाडीत ठेवली, तरी ते हात धूतच होते. नखांच्या कडा, बोटांच्या मधली जागा, मनगटाचा आतला भाग. मग हात नाकाजवळ नेऊन हुंगले आणि पुन्हा साबण घेतला. मी गाडीची किल्ली घेऊन दारात उभी राहिले. त्यांना घाई लावावी, असं मला वाटलं नाही.